बोगद्यात कुठलं ऊन?

पुण्यात ऑफिसला जाणारे लोक दोन प्रकारचे असतात. जाताना ज्यांच्या पाठीवर सूर्य असतो ते, आणि ज्यांच्या डोळ्यांत असतो ते. मी दुसऱ्या प्रकारातली. घर कोथरूडला, म्हणजे पश्चिमेला. ऑफिस खराडीला, म्हणजे पूर्वेला. सकाळी जाताना सूर्य समोर, आणि संध्याकाळी परत येताना बघावं तर हा माझ्याआधी कोथरूडला जाऊन बसलेला! हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं अगदी उलटं. दोन्ही वेळा ऊन पाठीवर. ट्रॅफिकमध्ये तिचं निम्मं आयुष्य जातं ते सोडा, पण डोळे सुखी आहेत बिचारीचे.

कॅबमध्ये असताना मला हे कधी जाणवलं नव्हतं. मागच्या सीटवर बसून मेल्स बघायच्या, सूर्याचं काय ते ड्रायव्हरने बघून घ्यावं. पण गेल्या वर्षी सायकल घेतली आणि आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला सायकलवरून जायला लागले. (उरलेले दोन दिवस वर्क फ्रॉम होम, म्हणजे बेडरूम ते डायनिंग टेबल. तो प्रवास गॉगलशिवाय जमतो.)

आता आपली पिढी काहीही घ्यायचं म्हटलं की आधी रिसर्च करते. मीही केला. सायकलच्या फ्रेमचं माप, हेल्मेट, ग्लव्ह्ज, मागचा लुकलुकणारा लाल दिवा... प्रत्येक गोष्टीची तुलना करून, दहा जणांना विचारून मग घेतली. फक्त एकाच गोष्टीवर पाच मिनिटंसुद्धा घालवली नाहीत. गॉगल!

गॉगलमध्ये काय कळायचंय? एफसी रोडच्या फुटपाथवर एका संध्याकाळी उभी राहिले, आरशात सात-आठ ट्राय केले आणि त्यातला सगळ्यात काळा उचलला. चारशे सांगितले होते, अडीचशेला मिळाला. लॉजिक एकदम क्लिअर होतं. ऊन जितकं कडक, काच तितकी काळी. शिवाय तोंडाला पुणेरी पद्धतीने घट्ट बांधलेला स्कार्फ, वर हेल्मेट आणि मधे हा काळाकुट्ट गॉगल! फोटोत जाम भारी दिसत होते. आई म्हणाली, दरोडा घालायला चालल्यासारखी दिसतेस. तर ते असो.

दोन महिने मस्त गेले. मग मार्चमधला एक रविवार आला.

पुण्यातल्या सायकलवाल्यांना कात्रजचा जुना घाट नवा नाही. पहाटे निघायचं, घाट चढायचा, जुन्या बोगद्यातून पलीकडे जायचं, चहा-पोहे करायचे आणि उन्हं तापायच्या आत परत फिरायचं. त्या दिवशी पोह्यांवर गप्पा जरा जास्तच रंगल्या. परत निघालो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि ऊन नुसतं रणरणत होतं. माझा गॉगल डोळ्यांवर, मी एकदम कूल. पलीकडचा चढ संपला, बोगद्याचं तोंड दिसलं, आता पुढे सगळा उतारच म्हणून पॅडल मारले आणि आत शिरले.

आणि कोणीतरी स्विच ऑफ केला.

दुसरे शब्दच नाहीत. समोर पलीकडच्या तोंडाचा पांढरा ठिपका तेवढा दिसत होता, बाकी सगळं काळं. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. त्या काळ्यातून अचानक एक आकृती तयार झाली आणि मी जीव खाऊन ब्रेक दाबले. सायकल घसरली, मी डाव्या हातावर पडले.

एक माणूस पंक्चर झालेली मोटरसायकल कडेने ढकलत चालला होता. सीटवर त्याची चार-पाच वर्षांची मुलगी बसलेली. माझं पुढचं चाक त्यांच्यापासून दीड-दोन हातांवर थांबलं होतं.

त्याने गाडी स्टँडवर लावली, मला उठवलं, सायकल सरळ केली. मी ‘सॉरी, सॉरी, दिसलंच नाही’ म्हणत होते. तो भला माणूस चिडलासुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघून एवढंच म्हणाला, “ताई, गॉगल काढा की! बोगद्यात कुठलं ऊन आलंय?”

आम्ही सगळे मिळून बोगद्याबाहेर आलो तेव्हा मला ती मुलगी नीट दिसली. तिच्या अंगात पिवळाधमक फ्रॉक होता. पिवळाधमक! रस्त्यावर काम करणाऱ्यांना जो रंग लांबून दिसावा म्हणून घालायला देतात तो. आणि तोच मला दिसला नव्हता.

मनगटाला बारीक फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लॅस्टर. ऑफिसमध्ये एका हाताने टायपिंग. सहानुभूतीही बऱ्यापैकी मिळाली, कारण सगळ्यांना मी ‘घाटात पडले’ एवढंच सांगत होते. फ्रॉकचं कोणालाच सांगितलं नाही. पण रात्री दिवा बंद केला की तो फ्रॉक डोळ्यांसमोर यायचा.

त्याच महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाबांनी तीस वर्षं सायकलवरून नोकरी केली. कसबा पेठेतून निघायचं, खडकीला कारखान्यात जायचं, परत यायचं. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट. डोळ्यांवर काही घालायची पद्धत नव्हती. फार ऊन लागलं तर कपाळावर आडवा हात धरायचा, की झालं. पट्टी निघाल्यावर गॅलरीत उभे राहून बाबा कितीतरी वेळ आकाशाकडे बघत होते. मग म्हणाले, “अगं, हे इतकं निळं होतं होय?” डोळ्यातलं जुनं भिंग वयानुसार पिवळट होत जातं, निळा रंग हळूहळू गाळला जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नवं भिंग बसलं की निळा परत येतो.

मी डॉक्टरांना विचारलं, उन्हामुळे झालं का हे? ते म्हणाले, मुख्य कारण वय. मधुमेह, सिगारेट, काही औषधं अशी बाकीची कारणंही असतात. पण वर्षानुवर्षं डोळ्यांत जाणारे अतिनील किरण हेही त्यातलं एक आहे. आणि वय आपल्या हातात नसतं, ऊन असतं.

मग एका शनिवारी बाबा आणि मी दोघं लक्ष्मी रोडजवळच्या एका जुन्या चष्म्याच्या दुकानात गेलो. एक डोळ्याचं ऑपरेशन झालेला, एक हात गळ्यात. काउंटरवरच्या काकांनी आम्हाला चष्म्यावरून नीट न्याहाळलं.

“गॉगल हवाय,” मी म्हटलं.

“कशासाठी?”

“सायकलसाठी.”

“सायकल कुठे चालवता?”

“रस्त्यावर.”

“ते आलं लक्षात. कुठल्या रस्त्यावर?”

मला वाटलं, झालं सुरू टिपिकल पुणेरी! पण काकांना खरंच उत्तर हवं होतं. किती वाजता निघता, ऊन समोरून की मागून, वाटेत झाडं किती, पूल किती, परतताना अंधार होतो का... लग्नाच्या स्थळाची चौकशी करावी तशी माझ्या रस्त्याची चौकशी चालली होती. मी आपली सांगत गेले आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की ज्याला मी ‘उन्हातला रस्ता’ म्हणत होते तो निम्मा सावलीतला आहे. कर्वे रोडला डोक्यावर मेट्रो. खांबांमधून ऊन, मग सावली, पुन्हा ऊन, आणि स्टेशनखाली तर चक्क अंधारं. पुढे जंगली महाराज रोडची जुनी झाडं, पानांतून पडणारे कवडसे. मग नगर रोडला सूर्य थेट तोंडावर. आणि खड्डे कुठे असतात? उन्हात दिसणारे आपण टाळतोच. आपटतो ते सावलीतल्या खड्ड्यांत.

काकांनी माझा अडीचशेचा गॉगल मागून घेतला आणि एका छोट्या यंत्रात धरला. मी शरमेने इकडेतिकडे बघत होते. स्वस्त माल, आता लेक्चर मिळणार!

“अतिनील किरण पूर्ण अडवतोय,” काका म्हणाले. “त्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं.”

मी चाट. मग बाबांनी त्यांची खास जपून ठेवलेली, लग्नात मिळालेली ‘कूलिंग ग्लास’ काढली. अस्सल काच, गडद हिरवी, मखमली डबी. यंत्राने सांगितलं, ह्यातून बरेच अतिनील किरण आत येतायत! बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणजे किंमत, वजन, काळेपणा ह्यातल्या कशावरूनही आतलं कळत नाही. काचेचा रंग दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील किरण न दिसणारे, ते अडवायचे गुण काचेच्या मटेरियलमध्ये किंवा लेपात असावे लागतात. पॉलिकार्बोनेटमध्ये ते मुळातच असतात, त्यामुळे पूर्ण पारदर्शक काचही हे काम करू शकते. उलट नुसतीच काळी आणि अतिनील किरण सोडणारी काच जास्त वाईट. अंधार झाला असं समजून बाहुली मोठी होते आणि नको ते किरण आत यायला दार आणखी उघडतं. म्हणून ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेलं बघायचं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. आणि स्टिकर कोणीही छापू शकतं, त्यामुळे शक्य असेल तर यंत्रात घालून बघायचं. मिनिटाचं काम आहे.

“मग माझ्या गॉगलचं चुकलं कुठे?” मी विचारलं.

काकांनी दुसरा आकडा दाखवला. सहा. शंभरातला फक्त सहा टक्के उजेड माझ्या डोळ्यांपर्यंत पोचत होता.

गॉगलच्या काडीवर आतून अनेकदा एक बारीक आकडा छापलेला असतो, शून्य ते चार. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ० म्हणजे जवळजवळ पारदर्शक, ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत. १ म्हणजे ४३ ते ८०. २ म्हणजे १८ ते ४३. ३ म्हणजे ८ ते १८, आपले नेहमीचे उन्हाचे गॉगल बहुतेक इथे बसतात. आणि ४ म्हणजे ३ ते ८ टक्के. हा बर्फाच्या डोंगरांवर, हिमनद्यांवर चालणाऱ्यांसाठी. ४ नंबरचा गॉगल घालून गाडी चालवू नये असं नियमातच लिहिलेलं आहे. कात्रजला मी हिमालयाची तयारी करून गेले होते!

घरी येऊन मी हिशेब मांडला, आयटीवाली असल्यामुळे राहवत नाही. भर दुपारच्या उन्हात उजेड असतो साधारण एक लाख लक्स. आपल्या ऑफिसच्या टेबलावर असतो पाचशेच्या आसपास. सहा टक्क्यांच्या काचेतूनही उन्हात सहा हजार लक्स डोळ्यांत येतात, ऑफिसच्या बारापट. म्हणून तर उन्हात सगळं छान दिसतं आणि काच चांगली आहे असं वाटतं. पण बोगद्यात समजा पन्नासच लक्स असतील, तर काचेआड उरतात तीन. त्यातून उन्हातून अंधारात जाताना डोळ्याला वेळ लागतो. बाहुली मोठी व्हायला काही सेकंद, आणि अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दोन सेकंद म्हणजे अकरा मीटर. त्या अकरा मीटरमध्ये कोणीही असू शकतं. पिवळ्या फ्रॉकमध्येसुद्धा.

काकांचं एक वाक्य मी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवत असते. ते म्हणाले, “तुम्ही लोक काच निवडता ती रस्त्यातल्या सगळ्यात कडक उन्हाकडे बघून. निवडायची असते सगळ्यात गडद सावलीकडे बघून. उन्हात डोळे बारीक करता येतात. अंधारात मोठे करून करून किती करणार?”

फंडे एकदम क्लिअर!

मग रंगाचा विषय निघाला. मला आरशासारखी चमकणारी निळी काच आवडली होती. काकांनी ती शांतपणे ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आणि तीन काचा माझ्यापुढे मांडून मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं. करड्या काचेतून सगळं जसंच्या तसं, फक्त मंद. रंग बदलत नाहीत, लांबच्या मोकळ्या हायवेला उत्तम. पिवळ्या काचेतून सगळं लख्ख, ढगाळ सकाळी किंवा धुक्यात छान, पण आपल्या एप्रिलच्या उन्हात निरुपयोगी. आणि तपकिरी. तपकिरी लावली मात्र, समोरच्या रस्त्यावरचं खोदून बुजवलेलं डांबर एकदम उठून दिसलं! चेंबरच्या झाकणाची कड, खडी, बारीक चीर, सगळं. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो आणि दृश्याला धूसरपणा आणतो. तपकिरी काच तोच कापते, त्यामुळे उंच-सखल चटकन कळतं. खड्डे मोजायचे तर हाच रंग.

“पोलराइज्ड घेऊ का?” ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं, पोलराइज्डशिवाय घेऊच नकोस.

“होडी चालवता?”

“नाही.”

“मग थांबा जरा.” पोलराइज्ड काच आडव्या पृष्ठभागावरून उसळणारी चकाकी गाळते. पाण्याजवळ, कारमध्ये सुख वाटतं. लांबच्या राइडला काही सायकलवाल्यांनाही आवडते. पण पहिल्या पावसात रस्त्यावर तेल तरंगतं ना, तेव्हा ती चकाकी हीच धोक्याची पाटी असते. पाटीच पुसली तर घसरणार. शिवाय हँडलवर मोबाइल लावून नकाशा बघत असाल तर ठरावीक कोनातून स्क्रीन काळी होते. (काच खरंच पोलराइज्ड आहे का हे ओळखायची युक्तीही हीच. मोबाइलसमोर धरून गोल फिरवा, स्क्रीन काळी-पांढरी झाली तर खरी.)

उन्हात आपोआप काळी होणारी काच? तीही बघितली. पहाटे निघून अकराला परतणाऱ्यांसाठी सोयीची. पण ती गडद पटकन होते आणि फिकी सावकाश, मिनिटांच्या हिशेबाने. बोगदा काही तिच्यासाठी थांबत नाही. आणि कडक उकाड्यात ती पुरेशी गडदही होत नाही, तिला थंडी मानवते.

शेवटी घेतली ती तपकिरी, २ नंबरची, चोवीस टक्के उजेड सोडणारी. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पडले तरी डोळ्यात तुकडे नकोत. (माझा ट्रॅक रेकॉर्ड बघता हे महत्त्वाचं.) बाजूने गोलाई असलेली, धूळ आणि चिलटं अडवणारी, पण वर हवेला फटी ठेवलेली, कारण स्कार्फमधला श्वास वर गेला की काचेवर वाफ धरते. सोबत बदलायला एक पारदर्शक काच, संध्याकाळसाठी आणि पावसाळ्यासाठी. सगळं मिळून अठराशे. बाबांसाठी साधी करडी घेतली. कूलिंग ग्लास मखमली डबीत परत गेली, आता ती फक्त आठवण म्हणून.

प्लॅस्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी ऑफिसला निघाले तेव्हा, खरं सांगू, थोडा भ्रमनिरासच झाला. नगर रोडला ऊन जाणवत होतं! जुन्या गॉगलमध्ये कसं एसी लावल्यासारखं गार वाटायचं. इथे डोळे किंचित बारीक होत होते. पण मेट्रोखाली शिरले आणि चक्क काहीच झालं नाही. स्विच ऑफ झाला नाही. दुभाजकावरून उतरू पाहणारे एक आजोबा मला त्यांना मी दिसायच्या आधी दिसले. मी थांबले, ते गेले. गोष्ट संपली. हात गळ्यात नाही, सहानुभूती नाही, सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या काचेचं बहुधा असंच असतं, तिने वाचवलेलं आपल्याला कळतच नाही.

परवा रविवारी पुन्हा कात्रजला गेलो होतो. परतताना तसंच ऊन, तोच चढ, बोगद्याचं तेच काळं तोंड. माझ्या पुढे ग्रुपमधला नवा मुलगा होता, काळाकुट्ट गॉगल, एकदम हिरो. मी जोरात पॅडल मारून त्याला गाठलं. चोवीस टक्के असूनही माझा गॉगल मी आधीच नाकाच्या शेंड्यावर ओढला होता आणि वेगही कमी केला होता. काच कितीही चांगली असली तरी ही सवय आता सुटत नाही.

“अरे, गॉगल काढ की!” मी ओरडले. “बोगद्यात कुठलं ऊन आलंय?”